नरकासुर बांधणाऱ्या हातांना काम कोण देणार?

दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की पणजीला रंग चढतो. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो आहे. मांडवीच्या काठी कमानी उभ्या राहतात, दिव्यांच्या माळा लागतात, वर्तमानपत्रांत नटनट्यांची छायाचित्रे झळकतात. शेतकरी आणि रापणकार बंधूंनो, मायबहिणींनो, तुम्ही म्हणाल, मास्तर, या थाटाशी आमचा काय संबंध? आम्हाला वायंगणाच्या पेरणीची घाई आहे, आणि जाळ्यात बांगडा किती येतो यावर आमची चूल पेटते.

संबंध आहे, आणि तो तुमच्याच घरातून सुरू होतो. बारावी झालेली मुलगी म्हणते, मला फॅशन डिझायनिंग करायचे आहे. मुलगा म्हणतो, मला मीडियात जायचे आहे. मागोमाग चकचकीत कागदावर छापलेले एक माहितीपत्रक घरात येते. त्यातला फीचा आकडा वाचून बाप रात्रभर कूस बदलत राहतो. कुळागराचा तुकडा विकावा, की होडीच्या इंजिनासाठी ठेवलेले पैसे मोडावेत? या बापासाठी मी हे लिहीत आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हे धंदे वाईट नाहीत, त्यांत पोट भरते, आणि आपल्या मुलांच्या हातांत त्यांचे अर्धे कसब आजच आहे. परंतु बाजारात विकले जाणारे शिक्षण वेगळे आणि कामाच्या जागी लागणारे कसब वेगळे. या दोहोंमधला खड्डा आपण आपल्या जमिनीने भरत आहोत.

सिनेमा संपला की पडद्यावर नावांची लांबलचक यादी सरकू लागते. त्या वेळी आपण चपला शोधत असतो. एकदा ती यादी शेवटपर्यंत बसून वाचा. नटनट्या दहाबारा असतील. उरलेले सारे सुतार, रंगारी, वीजतंत्री, शिंपी, इस्त्रीवाले, केशभूषा-रंगभूषा करणारे, ध्वनिमुद्रण करणारे, कॅमेऱ्याची भिंगे सांभाळणारे, हिशेबनीस आणि वाहनचालक. मुंबईत यांना दादा म्हणतात. सेटिंगदादा, लाइटदादा, ड्रेसदादा. ड्रेसदादा म्हणजे कपड्यांची गाठोडी वाहणारा गडी, अशी कुणाची समजूत असेल तर ती काढून टाका. सकाळच्या दृश्यात नायकाच्या सदऱ्याची डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली आहे आणि त्या दृश्याचा उरलेला भाग आठ दिवसांनी घ्यायचा आहे. तेव्हा बाही तितकीच दुमडलेली हवी, चिखलाचा डाग त्याच जागी हवा. हे वहीत टिपायचे, फोटो काढून ठेवायचे, आणि धोब्याने डाग धुऊन टाकणार नाही याकडे लक्ष द्यायचे. ही कामगिरी चोख बजावणाऱ्या माणसाची गरज प्रत्येक चित्रपटाला, प्रत्येक मालिकेला आणि प्रत्येक जाहिरातीला असते.

कपड्यांच्या धंद्याचेही तसेच. कागदावर चित्र काढणारा एक डिझायनर, आणि ते चित्र माणसाच्या अंगावर बसेल असे करणारे पन्नास हात. या पन्नासांत सर्वांत मोलाचा माणूस म्हणजे कटिंग मास्तर. आपल्या भाषेत कापड बेतणे असा शब्द आहे. कापण्यापूर्वी मनाशी हिशेब मांडणे हे त्या शब्दात आलेच. या हिशेबाची गंमत पाहा. आम्ही शाळेत त्रैराशिक शिकवतो, पण सदरा त्रैराशिकाने वाढत नाही. पुरुषाच्या सदऱ्याची छाती दोन इंच वाढवली म्हणजे गळा दोन इंच वाढवायचा नसतो. तो साधारण अर्धा इंच वाढतो. खांदा त्याहून वेगळा वाढतो आणि बाहीची लांबी आणखी वेगळी. एका मापाच्या फर्म्यावरून पाच मापांचे फर्मे काढायचे आणि कापडाच्या तागावर ते अशा बेताने मांडायचे की चिंधी कमीत कमी पडावी, हे ज्याला जमते त्याला कारखानदार सहजासहजी सोडत नाही. कारण हजार सदरे शिवताना दर सदऱ्यामागे वीतभर कापड वाचले, तर किती वाचले याचा हिशेब तुम्हीच करा. रंगीत चित्रे काढायला शिकलेली मुले शहरांत पुष्कळ मिळतात. बेतणारे मिळत नाहीत.

हे आजचेच आहे असे नव्हे. मराठी मुलखात सिनेमाची कला रुजली ती सुतारकामाच्या आणि रंगकामाच्या कोठारांत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. कसबी कारागिरांचे ते घराणे. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. सिनेमा काढण्याचे वेड लागले तेव्हा परदेशी कॅमेऱ्याचे पैसे नव्हते. आनंदराव १९१६ मध्ये वारले, तरी बाबूराव हटले नाहीत. यंत्र उघडून, पाहून, घासून-घडवून त्यांनी स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० मध्ये पडद्यावर आणला. त्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल आणि शांताराम तयार झाले. शांतारामबापूंनी पोरवयात हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम केले होते, आणि कंपनीत आले तेव्हा पडेल ते काम करीत होते. याच मंडळींनी १९२९ मध्ये भागीदारीत 'प्रभात' काढली. पुण्यात 'प्रभात'चा जो स्टुडिओ होता त्याच जागेवर १९६० मध्ये सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. म्हणजे पदवी देणारी संस्था मागून आली. वडाचे झाड आधी मेस्त्रींच्या अंगणात उगवले होते.

बाबूरावांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची ती कथा. फीसाठी जमीन गहाण टाकू पाहणाऱ्याने ती आठवावी.

त्याच कोल्हापुरात १९२९ मध्ये भानुमती राजोपाध्ये जन्मली. वडील चित्रकार. मुलगी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकली, मासिकांसाठी कपड्यांची चित्रे काढू लागली, आणि पुढे भानू अथैया या नावाने चित्रपटांची वेशभूषा करू लागली. 'सी.आय.डी.' (१९५६) पासून तिचे काम पडद्यावर दिसू लागले. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह तिला ऑस्कर मिळाले. ते मिळवणारी ती पहिली भारतीय. आता विचार करा, त्या चित्रपटात कसले कपडे होते? जरतारी नव्हेत. खादीचे पंचे, मजुरांची धोतरे, खेड्यातल्या बायकांची लुगडी, गोऱ्या साहेबांचे कोट. कोण काय नेसतो, कसे नेसतो, कपडा किती वर्षे वापरून कसा विटतो, याचे ज्ञान म्हणजे वेशभूषा. कासोटा कसा घालतात हे ज्या मुलीने आपल्या आजीला पाहून जाणले आहे, तिच्याजवळ या विद्येचे भांडवल आहे. हे तिला कुणी सांगतच नाही.

आता आपल्या गोव्याचे उदाहरण घेतो, कारण यापेक्षा बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडून पाठशाळा असत. त्यांत गरिबाच्या पोरालाही गाण्याचे स्वर कागदावर वाचायला आणि लिहायला शिकवीत. व्हायोलिन हाती देत. हेतू एवढाच, की प्रार्थनेच्या वेळी वाद्यवृंद असावा. परंतु त्यातून जे झाले ते शिकवणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसेल. मुंबईत सिनेमा बोलू लागला, गाऊ लागला. संगीतकारांजवळ उत्तम चाली होत्या, पण चाळीस-पन्नास वादकांना एकाच वेळी काय वाजवायचे हे कागदावर लिहून देणारा माणूस हवा होता, आणि तो कागद वाचून वाजवणारे वादकही हवे होते. ते मिळाले गोव्यातून. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घरीच वडिलांजवळ संगीत शिकले आणि मुंबईत नामवंत व्हायोलिनवादक व वाद्यवृंदाची रचना करणारे झाले. राहुल देव बर्मन आणि प्यारेलाल यांनी त्यांच्याजवळ धडे घेतले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधल्या गाण्यात त्यांचे नाव आले ते प्यारेलालांच्या गुरुभक्तीमुळे. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या संगीताची वाद्यरचना वर्षानुवर्षे केली. असे कितीतरी गोंयकार, ज्यांची नावे पडद्यावर क्वचितच आली, पण ज्यांच्या वाद्यांवाचून ती गाणी उभी राहिली नसती.

यातला धडा नीट पाहा. त्या पोरांना कुणी सिनेमाचे शिक्षण दिले नव्हते. एक साधी, पायाभूत, पक्की विद्या गावातल्या शाळेत मिळाली. ती लहानपणी मिळाली, फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळाली, आणि आसपासच्या प्रांतांत ती दुसऱ्या कुणाजवळ फारशी नव्हती. म्हणून शेकडो मैलांवरच्या धंद्याला गोव्याचे दार ठोठवावे लागले. आणि दुसरी बाजूही पाहा. १९८० नंतर विजेची वाद्ये आली, एका पेटीतून दहा व्हायोलिनांचा आवाज निघू लागला, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते मोठे वाद्यवृंद मोडले. गावच्या शाळेने दिलेली विद्या दोन पिढ्या पुरली. तिसऱ्या पिढीला नवे काही शिकवावे हे कुणाला सुचले नाही.

तेव्हा आज आपल्या गावात कोणती विद्या आहे, जी बाहेरच्यांना हवी आहे?

दिवाळीच्या आदल्या रात्री आपल्या वाड्यावाड्यांतून फिरून पाहा. बांबू, गवत, कागद आणि रंग यांतून दोन माणसे उंच, तीन माणसे उंच नरकासुर उभे राहतात. डोळे फिरवणारे, जबडा उघडणारे, मान वळवणारे. आत जुन्या गाडीच्या वायपरची मोटर असते, नाहीतर सायकलची साखळी. ही पोरे कुठल्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकली? शिमगोत्सवाचे चित्ररथ पाहा. हलते देव, फिरते चक्र, कोसळणारा धबधबा, आणि हे सारे ट्रकवर, रस्त्याचे खड्डे सोसत, वरच्या विजेच्या तारा चुकवत. चतुर्थीपूर्वी चित्रशाळांत जाऊन बसा. मातीच्या डोळ्यांत जीव आणणारे हात दिसतील. जत्रेच्या रात्री देवळापुढे मराठी नाटक होते, तेव्हा दिवसा नारळ पाडणारा माणूस रात्री औरंगजेब होतो आणि दिवसा सायकल दुरुस्त करणारा त्याची दाढी चिकटवतो. पडदे, प्रकाश, ध्वनिक्षेपक, ड्रेपरी सारे गावच्या गावात. जाळे सांधणारी बोटे पाहा. फाटलेल्या जागी नेमका कोणता आस धरून गाठ मारायची हे ती बोटे अंधारात ओळखतात. विणकामाच्या आणि भरतकामाच्या कारखान्यात अशी बोटे सोन्याच्या मोलाची आहेत.

मग उणे कुठे आहे? अध्यापन विद्यालयात आम्हाला एक सूत्र घोकून घेतले होते: ज्ञाताकडून अज्ञाताकडे न्या. आपल्या मुलांचे ज्ञात भक्कम आहे, अज्ञाताकडे नेणारी पायरी कुणी बांधलेली नाही. नरकासुर करणारा पोरगा नजरेने माप घेतो. उद्या सेटच्या मेस्त्रीने त्याच्या हाती नकाशा दिला आणि म्हटले, एकास पन्नास प्रमाण आहे, भिंत उभी कर, की तो अडतो. नकाशावरचे सहा सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षात तीन मीटर, हे गणित तो पाचवीत शिकला आहे, पण गणिताच्या तासाला. ते लाकडावर उतरवायला त्याला कुणी लावले नाही. चित्ररथावर तारा जोडणारा मुलगा हुशार आहे, पण पाच किलोवॅटचा दिवा सुमारे २२ अँपिअर वीज ओढतो आणि घरातला मोठा प्लगसुद्धा १६ अँपिअरचाच असतो, हे त्याला ठाऊक नसले तर एक दिवस तो जिवाला मुकेल. शिवणकाम येणारी मुलगी शेजारणींचे पोलके छान शिवते. पण एकसारखी पन्नास पोलकी, ठरल्या दिवशी, एका धाग्याचा फरक न पडता द्यायची म्हटली की तिचा धीर सुटतो. मोजमाप, सुरक्षितता, वेळेचा वक्तशीरपणा, लेखी हिशेब. आमच्या मुलांचे उणे ते एवढेच. हे भरून काढायला लाखांची फी लागत नाही.

याउलट गोव्याच्या भूमीवर सिनेमे किती निघाले! 'दिल चाहता है' (२००१) ने शापोराचा किल्ला देशभर नेला, 'चेन्नई एक्सप्रेस' (२०१३) ने दूधसागर नेला, 'डिअर जिंदगी' (२०१६) ने इथले रस्ते आणि किनारे नेले. आपल्या वाट्याला काय आले? खोल्यांचे भाडे, होडीचे भाडे, गाडीचे भाडे, जेवणाचे डबे, आणि गर्दीत उभे राहण्याची रोजंदारी. सुतार मुंबईहून आला, दिवेवाला मुंबईहून आला, शिंपीसुद्धा मुंबईहून आला आणि आपली इस्त्री बरोबर घेऊन आला. भाडे वाईट नव्हे. पण भाडे जागेला मिळते. उद्या दुसरी जागा अधिक सुंदर दिसली की ते तिकडे जाते. खाणींच्या भरवशावर ट्रक घेतलेल्यांना विचारा. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, तेव्हा बँकेचे हप्ते थांबले नव्हते.

मुंबईची माणसे आणतात याला दुसरेही कारण आहे. तिथल्या चित्रपट-कामगारांच्या महासंघाला वीसहून अधिक कसबांच्या संघटना जोडलेल्या आहेत आणि त्यांचे कार्ड असल्यावाचून मोठ्या चित्रपटात काम मिळणे कठीण जाते. कामगारांनी संघटना करावी, मजुरी बुडू देऊ नये, हे योग्यच. पण तिच्या भिंती किती उंच होत्या पाहा. रंगभूषाकारांच्या संघटनेत जवळजवळ साठ वर्षे स्त्रियांना रंगभूषेचे कार्डच मिळत नसे; त्यांनी फक्त केस विंचरावेत असा नियम. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य हवे अशी अट. चारू खुराना या रंगभूषाकार स्त्रीने दाद मागितली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अटी रद्द ठरवल्या. म्हणजे काणकोणच्या किंवा पेडण्याच्या मुलीला, ती मुलगी आहे म्हणून किंवा ती गोव्याची आहे म्हणून, आता त्या कामावरून कुणी परत पाठवू शकत नाही. माझ्या माहितीतल्या घरांत हा निकाल फारसा कुणाला ठाऊक नाही. जत्रेच्या नाटकांत मुली आता सर्रास भूमिका करतात. रंगभूषेची पेटी मात्र अजून पुरुषांच्याच हाती दिसते.

वेंडेल रॉड्रिक्स यांचे उदाहरण मुद्दाम देतो. कोलवाळला राहणारा हा जगप्रसिद्ध फॅशन डिझायनर २०२० मध्ये वारला. त्याने ओमानमध्ये नोकरी केली, पैसे साठवले आणि त्या पैशांवर लॉस एंजेलिस व पॅरिस येथे शिक्षण घेतले. बापाची जमीन विकली नाही. आणि जग फिरून आल्यावर त्याने कशाला हात घातला? आपल्या कुणबी बायकांच्या तांबड्या चौकड्यांच्या लुगड्याला. ते विस्मरणात चालले होते; त्याने ते पुन्हा विणवून दिल्लीच्या फॅशनच्या मंचावर नेले. आज त्या चौकडीचे कौतुक सगळीकडे होते, सरकारी समारंभांतही होते. पण कौतुक नेसता येत नाही. माग हवा, मागावर बसणारा हवा, आणि त्याला शेतमजुराहून बरी मजुरी हवी. डिझायनर एक झाला तरी चालेल, विणकर शंभर हवेत. आमचे पुढारी नेमका उलटा हिशेब करतात.

तेव्हा फी भरण्यापूर्वी, बंधूंनो, त्या संस्थेत स्वतः जा. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसू नका. कार्यशाळा दाखवा म्हणा. शिवणाची यंत्रे किती आणि मुली किती ते मोजा. यंत्रावर धूळ आहे की तेल आहे ते बोट फिरवून पाहा. शेतकऱ्याला बैल पारखता येतो, खारव्याला लाकूड पारखता येते, मग ही पारख का येऊ नये? गेल्या वर्षी शिकून गेलेली पाच मुले आज कुठे काम करतात, त्यांचे फोन द्या, असे सांगा. जो मालक हे ऐकून नोकरीची हमी देऊ लागतो पण फोन देत नाही, त्याला नमस्कार करून घरी या. कागदावर कुणाची मान्यता आहे हे विचारा, आणि तो कागद शाळेतल्या मास्तराला नाहीतर वकिलाला दाखवा. पदविकेच्या नावात इंग्रजी शब्द जितके जास्त, तितका मला संशय अधिक येतो. हा माझा स्वभाव म्हणा.

स्वस्त आणि खरी दारे उघडी आहेत. सरकारी आयटीआय फर्मागुडीला आहे, म्हापशाला आहे, काणकोणला आहे. वीजतंत्री, सुतार, शिवण यांपैकी कुठे काय चालते ते जाऊन विचारा; चांगला वीजतंत्री सिनेमाच्या दिव्यांवरही चालतो आणि हॉटेलातही, त्याची भाकरी एका धंद्यावर टांगलेली राहत नाही. चित्रकलेचे खरेच अंग असेल तर पणजीचे कला महाविद्यालय आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यांत शिंपी, सुतार, मूर्तिकार, फुलांचे हार करणारा माळी आणि मासेमारीचे जाळे विणणारा हे सारे येतात. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व मग दोन लाखांपर्यंत कर्ज. हे प्रशिक्षण थोड्या दिवसांचे असते, त्याने कुणी कटिंग मास्तर होत नाही, हेही सांगतो. पण यंत्र घरी येते.

खरा उपाय मात्र उमेदवारीचा आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा आपल्या देशात १९६१ पासून आहे. गोव्यात चित्रीकरणासाठी जो येतो त्याला सरकारी परवानगी घ्यावी लागते. त्या परवानगीच्या कागदात एक अट घाला: दिवे, सेट, कपडे, ध्वनी या चारही विभागांत प्रत्येकी दोन स्थानिक उमेदवार, विद्यावेतनासह, आणि शेवटी त्यांनी केलेल्या कामाचा लेखी दाखला. निर्माता नाक मुरडील, पण परत जाणार नाही. समुद्र त्याला इथेच हवा आहे. असे चार दाखले ज्याच्या खिशात असतील, त्याला मुंबईत कुणी नवशिका म्हणणार नाही. दरवर्षी महोत्सवासाठी मांडव घालणाऱ्या सरकारला एवढे अवघड नसावे.

आणि वर्ग केव्हा भरवायचे, हे तरी आम्हाला विचारून ठरवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. खारव्यांच्या घरांतली तरुण मंडळी तेव्हा जाळी सांधत घरी असतात. त्यांचे वर्ग तेव्हाच हवेत. शेतकऱ्याचे मूल मात्र त्या दिवसांत चिखलात असते; त्याला कापणी झाल्यावर वेळ मिळतो. आजवरची प्रशिक्षणे सरकारी वर्षाच्या अखेरीस, निधी संपवण्यासाठी घाईघाईने होतात, आणि मग अहवालात लिहितात की ग्रामीण तरुणांनी प्रतिसाद दिला नाही. शिकवावेही त्यांच्या भाषेत. कर्णरेषा, काटकोन, शिवणीची सूट हे शब्द मुलांना मराठीतून कळतात. इंग्रजी नावे कामावर दोन महिन्यांत आपोआप जिभेवर बसतात. उलट मराठी चांगली येणे हाही आता एक धंदा आहे. परभाषेतल्या मालिकांचे संवाद मराठीत आणायला, पडद्याखाली दोन ओळींत नेमका अर्थ बसवायला माणसे लागतात, आणि हल्ली यंत्राकडून करून घेतलेली भाषांतरे ऐकली की कानात बोटे घालावीशी वाटतात. यंत्र पुढे सुधारेल, वाद्यांचे झाले तेच इथेही होईल, हे मी जाणतो. म्हणूनच पोरांना एकच कळ दाबायला न शिकवता मूळ विद्या द्या म्हणतो.

जागा नाही अशी सबब सांगू नये. पटसंख्या नाही म्हणून बंद झालेल्या मराठी प्राथमिक शाळांच्या इमारती गावोगावी कुलपात आहेत. कौले गळताहेत, बाके वाळवी खाते आहे. पुढच्या ग्रामसभेत उठून उभे राहा आणि ठराव मांडा, की आमच्या वाड्यावरची बंद शाळा आम्हाला कार्यशाळेसाठी द्यावी. ठरावात मोघम लिहू नका; मोघम ठराव फाइलीत झोपतात. असे लिहा: कापड बेतण्याचे टेबल आठ फूट लांब व चार फूट रुंद, उभ्याने काम करता येईल इतके उंच, शिवणाची यंत्रे सहा आणि ओव्हरलॉक एक, सुतारकामाचा बाक एक, वीजजोडणी वेगळ्या मीटरची, तारा नव्या, शिकवायला गावातला अनुभवी शिंपी आणि मेस्त्री, त्यांना तासावर मानधन. आणि दार मोठे करून घ्या, कारण चित्ररथाचा सांगाडा शाळेच्या दारातून बाहेर निघत नाही.